पोटात फुलपाखरं, घशात बेडूक

"मावशी, हिने एवढी फुलपाखरं गिळली कशी गं?"

माझी भाची झोपाळ्यावर पालथी पडून इंग्रजी गोष्टीचं पुस्तक वाचत होती. बाहेर कोकणातला जुलैचा पाऊस. खेळायला जाता येत नव्हतं, म्हणून पुस्तक. तिने एका ओळीवर बोट ठेवून मला दाखवलं. गोष्टीतली मुलगी पहिल्यांदाच नाटकात काम करणार होती आणि पडद्यामागे उभी राहून मैत्रिणीला सांगत होती, 'आय हॅव बटरफ्लाइज इन माय स्टमक.' भाचीने एकेका शब्दाचा अर्थ अगदी बरोबर लावला होता. बटरफ्लाइज म्हणजे फुलपाखरं, स्टमक म्हणजे पोट. मग मुलीच्या पोटात फुलपाखरं गेली कशी, हा प्रश्न पडायलाच हवा.

आजी शेजारी बसून लसूण सोलत होती. तिला इंग्रजी येत नाही. ती म्हणाली, "गिळेल कशाला? घाबरली असेल बिचारी. आपल्या पोटात गोळा येतो, त्यांच्या पोटात फुलपाखरं येत असतील."

आजीचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं! त्या दिवसापासून मी आणि भाची इंग्रजी माणसांच्या अंगात राहणारे प्राणी शोधायला लागलो. सापडले किती सांगू? घशात बेडूक, कातडीवर हंस, डोळ्यांच्या कोपऱ्यात कावळा, कानात गोगलगाय, मेंदूत घोडा. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचा पत्ता ठरलेला. फुलपाखरं राहणार पोटातच. गुडघ्यात फुलपाखरं आली असं कुणी म्हणत नाही, आणि बेडूक कधी पोटात शिरत नाही. असं का, ते शोधायला गेलं की शरीर खरोखर काय करत असतं तेही कळतं. म्हणून म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

आधी फुलपाखरं.

समजा, आज तुमचं भाषण आहे. तुमचं नाव पुकारलं. तुमच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते. तिला मेंदूकडून निरोप जातो आणि ती अॅड्रेनलिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. आता तुमच्या शरीराला वक्तृत्व स्पर्धा म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला एवढंच कळलंय की काहीतरी मोठं संकट आलंय, पळावं लागेल किंवा लढावं लागेल. म्हणून ते पटापट तयारी करतं. हृदय जोरात धावायला लागतं. पायांच्या आणि हातांच्या मोठ्या स्नायूंकडे जास्त रक्त जायला लागतं. हे जादाचं रक्त आणायचं कुठून? तर जठर आणि आतड्यांकडून. वाघ मागे लागलेला असताना सकाळची पोळी-भाजी पचवण्याची काय घाई आहे? तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, जठराची नेहमीची संथ हालचाल मंदावते. पोटात एकदम पोकळ, हलकं, काहीतरी फडफडल्यासारखं वाटायला लागतं. हीच ती फुलपाखरं.

पोटाला ते जाणवतंही फार लवकर, कारण आपल्या अन्ननलिकेपासून आतड्यांच्या शेवटापर्यंत भिंतींमध्ये मज्जापेशींचं एक मोठं जाळं विणलेलं असतं. त्यात 10 कोटींहून जास्त मज्जापेशी असतात. म्हणून काही शास्त्रज्ञ पोटाला 'दुसरा मेंदू' म्हणतात. तो गणितं सोडवत नाही, पण वरच्या मेंदूशी सतत बोलत असतो. दोघांमधली मोठी तार म्हणजे व्हेगस मज्जातंतू. व्हेगस या लॅटिन शब्दाचा अर्थ भटक्या. मेंदूतून निघून मानेतून, छातीतून, पोटापर्यंत भटकत जातो म्हणून हे नाव. आणि या तारेतले बहुतेक धागे वरून खाली हुकूम नेत नाहीत, ते खालून वर बातम्या पोचवतात. 'पोटात काहीतरी होतंय' हे मेंदूला कळतं ते असं.

या भटक्या तारेचं काम बोटांखाली जाणवतं. आत्ताच करून बघा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधा. हळूहळू खोल श्वास घ्या, आणि मग त्याहूनही हळू सोडा. श्वास घेताना नाडी जरा भरभर पडते, सोडताना जरा रेंगाळते. लहान मुलांमध्ये हा फरक मोठ्यांपेक्षा ठळक असतो. माझ्या भाचीची नाडी मी पकडली तेव्हा मला तो स्पष्ट कळला, माझ्या स्वतःच्या नाडीत मात्र शोधावा लागला. श्वास सोडताना हृदयाला 'सावकाश' म्हणणारा हा व्हेगसच. भाषणाआधी लांब श्वास सोडायला सांगतात ते याच कारणासाठी.

याच तयारीत कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून आपले हातपाय गार पडतात. इंग्रजीतही 'कोल्ड फीट' म्हणजे गार पाय आहेत बरं का! पण इथे जपून. आपण 'हातपाय गार पडले' म्हणतो तेव्हा माणूस घाबरलेला असतो, एवढंच. इंग्रजीत कुणाला 'कोल्ड फीट' आले म्हणजे त्याने ठरवलेल्या गोष्टीतून ऐनवेळी माघार घेतली. पाय तेच, गारवा तोच, अर्थ मात्र पुढच्या स्टेशनवर जाऊन उतरतो.

भाचीने लगेच विचारलं, "मग आपल्या पोटात कुणीच प्राणी नाही?" नाही कसा! आपल्या पोटात कावळे आहेत. भूक लागली की कोकलतात. इंग्रजी पोटात त्या वेळी 'ग्राउलिंग' चालू असतं, म्हणजे कुत्र्यासारखं गुरगुरणं. आम्ही दोघींनी मुद्दाम जेवणाआधी आजीच्या पोटाला कान लावला. कावळ्यासारखं काही नाही, गुरगुरही नाही. 'गुर्र... टुळुक... कुर्रर्र.' बादलीतून पाणी ओतल्यासारखं. ग्रीक लोकांनी बहुधा असाच कान लावला असावा, कारण डॉक्टर या आवाजाला जो ग्रीक शब्द वापरतात तो आहे 'बोर्बोरिग्मस'. मोठ्याने म्हणून बघा, तुमच्याच पोटातून आवाज आल्यासारखा वाटतो.

पोट रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते. उरलेसुरले कण, पाचकरस, गिळलेली हवा सगळं पुढे लोटत नेते. शास्त्रज्ञांनी तिला आतड्यांची झाडलोट करणारी असंच नाव दिलंय. भरल्या पोटातही आवाज होतच असतात, पण अन्न त्यांना दाबून टाकतं. रिकाम्या पिंपावर थाप मारली तर कसं घुमतं, तसं रिकाम्या पोटाचं होतं. म्हणजे आपले कावळे जेवायला बोलवतात, पण खरं तर ते आत केर काढत असतात.

आता बेडूक. सकाळी उठल्या उठल्या बोलायला गेलं की आवाज घोगरा, खरखरीत येतो. मग आपण खाकरतो. तेव्हा इंग्रजी माणूस म्हणतो, 'आय हॅव अ फ्रॉग इन माय थ्रोट.' आपल्याकडे घसा बसतो, त्यांच्याकडे घशात बेडूक बसतो.

ज्याला हे सुचलं त्याने बेडूक नीट ऐकला असणार. आमच्या घरामागे शेताचा तुकडा आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथे इंडियन बुलफ्रॉग जमतात. एरवी हिरवट-मातकट दिसणारे नर त्या दिवसांत पिवळेधमक होतात आणि त्यांच्या गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात. भाचीने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी बेडकांना रंगपंचमी खेळवलीय. बॅटरीच्या उजेडात तिनेच एक गोष्ट टिपली. बेडूक ओरडतो तेव्हा त्याचं तोंड बंद असतं! फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून त्या पिशव्यांमध्ये जाते आणि परत फिरते. हवा बाहेर पडतच नाही, तरी आवाज सगळ्या शेतभर जातो.

आपल्या घशातही स्वरयंत्र आहे. त्यात दोन स्वरतंतू असतात. नाव तंतू असलं तरी त्या पातळ, ओलसर घड्या आहेत. फुप्फुसातून हवा वर आली की त्या एकमेकींवर आपटतात आणि उघडतात. किती वेळा? लहान मुलं बोलतात तेव्हा सेकंदाला साधारण 250 ते 300 वेळा. मोठ्या पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी जास्त, म्हणून ते सावकाश हलतात, सेकंदाला सव्वाशेच्या आसपास, आणि बाबांचा आवाज जाड येतो. आता या घड्यांवर चिकट कफाचा एक थेंब जरी बसला तरी त्यांची लय बिघडते. एक फेरी नीट, एक अडखळत, एक अर्धवट. तोच घोगरा आवाज. म्हणून बेडूक घशातच हवा. आवाज तयार होण्याची जागा तीच.

एक सांगून ठेवते. हा बेडूक हुसकवायला सारखं सारखं खाकरू नका. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आदळतात. दोन घोट पाणी प्या, बेडूक आपोआप उतरतो.

मला स्वतःला या सगळ्या प्राण्यांमध्ये सर्वांत आवडतो तो हंस. खरं तर तो हंसाचा पाळीव चुलतभाऊ, ज्याला आपण राजहंस म्हणतो, इंग्रजीत गूज. थंडी वाजली, भीती वाटली, किंवा एखादं गाणं ऐकताना आत काहीतरी हललं की इंग्रजी माणसाच्या अंगावर 'गूजबंप्स' येतात. म्हणजे राजहंसाच्या कातडीवरचे उंचवटे. युरोपातल्या स्वयंपाकघरांत राजहंस शिजवायच्या आधी त्याची पिसं उपटत. जिथून पीस निघालं तिथे बारीक फोड आल्यासारखा उंचवटा राहतो. स्वयंपाक करणाऱ्या कुणीतरी ती कातडी बघितली, मग स्वतःचा गारठलेला हात बघितला, आणि शब्द तयार झाला.

जर्मन माणसंही राजहंसाचीच कातडी म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश माणसांच्या अंगावर कोंबडी येते. आणि तिकडे दूर जपानमध्ये नुसतंच 'तोरिहादा', पक्ष्याची कातडी! एवढ्या लांबलांबच्या लोकांना एकच उपमा सुचली, कारण सगळ्यांच्याच स्वयंपाकघरात पिसं उपटलेला पक्षी होता.

आणि आपण? आपल्या अंगावर काटा येतो. आपण पक्षी बघितला नाही, उभा राहिलेला केस बघितला. संस्कृतातला रोमांच हा शब्दही तसाच, रोम म्हणजे अंगावरचा केस. माझं मत विचाराल तर इथे आपला शब्द जास्त नेमका आहे, कारण खरी गोष्ट केसाचीच आहे. उंचवटा हा नंतरचा.

भाची पावसात भिजून आली तेव्हा आम्ही भिंग घेऊन तिचा हात बघितला. तुम्हीही बघा, मात्र घाई करू नका. आधी कातडी गुळगुळीत असते आणि बारीक सोनेरी लव आडवी पडलेली असते. मी तिच्या मानेवर गार पाण्याचा एक थेंब सोडला. ती "ई!" करून ओरडली, आणि भिंगाखाली एकेक केस हळूच उठून उभा राहिला. वाऱ्याने झोपलेलं गवत उलटं उठावं तसा. प्रत्येक केसाच्या बुडाशी एक टेकडी. पाच-सहा सेकंद राहिल्या आणि विरून गेल्या.

प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू तिरका बांधलेला असतो. तो आखडला की तंबूचा दोर ओढल्यासारखा केस ताठ होतो आणि मुळाशी कातडी वर येते. आपल्या अंगावर केसांची सुमारे 50 लाख मुळं आहेत, डोक्यावर त्यातली फक्त लाखभर. हा स्नायू तुमच्या हुकुमातला नाही. हात वर करा म्हटलं तर कराल, पण काटा आणा म्हटलं तर बहुतेकांना आणता येत नाही. त्याला हुकूम सोडते तीच मघाची यंत्रणा, जी पोटात फुलपाखरं सोडते.

याचा उपयोग काय? मांजरीच्या पुढ्यात अनोळखी कुत्रा आला की ती कशी दुप्पट मोठी होते, बघितलंय ना? तिचे केस उभे राहतात आणि कुत्र्याला वाटतं, बाप रे, केवढी ही! थंडीत तेच उभे केस हवेचा थर धरून ठेवतात, गोधडीसारखा. आपली लव आता एवढी तुटपुंजी झालीय की ना ऊब मिळते, ना कुणी घाबरतं. स्नायू मात्र आपलं काम सोडत नाही.

चार्ल्स डार्विनने 1872 साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर, अंगावर कशा दिसतात यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात केस उभे राहण्यावर बरंच आहे. आणि त्याने स्वतःवर केलेला एक प्रयोगही आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापाच्या जाड काचेला तो तोंड लावून उभा राहिला. ठरवलं होतं, सापाने झेप घेतली तरी हलायचं नाही. सापाने झेप घेतली आणि डार्विनसाहेब टुणकन मागे! काच मध्ये आहे हे त्याच्या डोक्याला पक्कं माहीत होतं. शरीराने मात्र डोक्याला विचारलंच नाही. मला हा डार्विन फार आवडतो, कारण त्याने हे लपवलं नाही, पुस्तकात लिहून ठेवलं.

आणि तो इवला स्नायू अगदीच निकामी नाही. 2020 साली हार्वर्ड आणि तैवानमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर अभ्यास करून दाखवलं की केसाच्या मुळाशी ज्या पेशी नवा केस घडवतात, त्यांच्यापर्यंत मज्जातंतू पोचतो तो याच स्नायूच्या आधाराने. स्नायू काढला तर मज्जातंतूही मागे सरकतो. बरेच दिवस थंडी राहिली की याच वाटेने निरोप जातो आणि नवे केस लवकर उगवायला लागतात. म्हणजे आत्ताची थंडी असेल तर केस उभे करा, लांबणारी असेल तर नवी लोकर विणायला घ्या!

'क्रोज फीट' म्हणजे कावळ्याचे पाय कुठे असतील, ओळखा. भाचीने आजीच्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातून तीन-चार सुरकुत्या फाकलेल्या असतात ना, त्या. कावळ्याची तीन बोटं पुढे, एक मागे. ओल्या गच्चीवर तो चालून गेला की ठसा अगदी तसाच उमटतो. चॉसर या इंग्रज कवीने सहाशे वर्षांपूर्वी हा शब्द वापरलाय, म्हणजे तो कावळा बराच म्हातारा आहे. आपल्याकडे कावळ्याचा पाय चेहऱ्यावर नाही, वहीत आहे. लिहिताना शब्द राहिला की आपण दोन शब्दांच्या मध्ये खाली एक टोकदार खूण करून तो वर लिहितो. त्या खुणेचं नाव काकपद!

डोळ्याभोवती एक गोल स्नायू असतो. खरंखुरं हसू आलं की तो आवळला जातो, गाल वर जातात आणि कोपऱ्यात चुण्या पडतात. डुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1862 साली चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा हलका झटका देऊन कोणता काय करतो ते तपासलं. त्याच्या ध्यानात आलं की ओठ ताणून हसणं कुणालाही जमतं, पण डोळ्याभोवतीचा स्नायू मनापासून हसल्याशिवाय सहसा नीट साथ देत नाही. घरातले जुने फोटो काढा आणि ओठांवर हात ठेवून फक्त डोळे बघा. कोण खरं हसत होतं ते कळेल. आजीच्या लग्नातल्या फोटोत ती ओठ मिटून गंभीर उभी आहे, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात कावळा उतरलेला आहे. भाचीनेच तो शोधला. आजी लाजली.

मांडी घालून फार वेळ बसलं की आपल्या पायाला मुंग्या येतात. फ्रेंच माणसांच्या पायातही मुंग्याच येतात, पण इंग्रजी पायात 'पिन्स अँड नीडल्स', टाचण्या आणि सुया. पाय दाबला गेला की मज्जातंतूला रक्त कमी पडतं, तो गप्प होतो, आणि उठल्यावर रक्त परत आलं की भानावर येताना एकदम वाटेल तसे निरोप धाडतो. त्यांना सुयांचं टोक जाणवलं, आपल्याला मुंग्यांचं चालणं. मला विचाराल तर पहिल्या अर्ध्या मिनिटात मुंग्या असतात आणि पाय टेकल्यावर सुया. तुमचं काय?

काही प्राणी इंग्रजी शब्दांच्या आत इतके खोल दडलेत की इंग्रजांनाही ते दिसत नाहीत. कानाच्या आतल्या भागाला म्हणतात कॉक्लिया. मूळ ग्रीक शब्द गोगलगाईचा, आणि तो भाग खरंच गोगलगाईच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा आहे. मेंदूत आठवणी साठवायला मदत करणारा भाग आहे हिप्पोकॅम्पस. त्याचा आकार बघून इटलीच्या एका वैद्याला 1587 साली समुद्रघोडा आठवला. आणि पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक, कॉक्सिक्स, हा ग्रीकांचा कोकीळ. त्यांना ते हाड कोकिळेच्या चोचीसारखं वाटलं. आपण त्यालाच माकडहाड म्हणतो! भाची त्याच आठवड्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरून त्यावर आपटली होती. कोकीळ की माकड हे तिला तेव्हा सुचलं नाही, पण आपलं नाव जास्त पटण्यासारखं आहे. आईच्या पोटात असताना पहिल्या काही आठवड्यांत आपल्या सर्वांनाच छोटीशी शेपटी असते. आठव्या आठवड्याच्या सुमाराला ती आत मिटते. उरतं ते हे हाड.

एक ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला, भाचीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. संध्याकाळी दप्तर फेकून ती सांगायला लागली. नाव पुकारलं तेव्हा फुलपाखरं आली, भरपूर. तिने लांब श्वास सोडला. घशात बेडूकही आला, पण तिने बाटलीतलं पाणी प्यायलं. मध्येच एक वाक्य विसरली आणि टाळ्या वाजल्या तेव्हा अंगावर काटा आला. बक्षिसाचं तिने सांगितलंच नाही, मीही विचारलं नाही.

मग तिने बाही वर सरकवली, मूठ आवळली, हात कोपरात दुमडला आणि माझ्या मुलाला म्हणाली, "दादा, बघ माझी बेटकुळी!"

मी उडालेच. इतके दिवस इंग्रजी घशातला बेडूक शोधत होतो आणि आपली बेडकी दंडातच होती! बेटकुळी, कुणी बेडकुळी म्हणतं, म्हणजे छोटा बेडूक. आणि इंग्रजीत स्नायूला काय म्हणतात? मसल. तो आला लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता छोटा उंदीर. जुन्या ग्रीकमध्ये तर उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द होता. हात दुमडला की कातडीखालून काहीतरी पळाल्यासारखं दिसतं, पांघरुणाखालून उंदीर पळावा तसं. हा उंदीर आपल्या ओळखीचाही आहे. लॅटिनचा 'मुस', इंग्रजीचा माऊस आणि आपल्या गणपतीबाप्पाचा मूषक हे तिघे एकाच फार जुन्या शब्दाची मुलं-नातवंडं आहेत.

त्या उंदराच्या पोटात काय चालतं, हे 1954 साली कळायला लागलं. स्नायूमध्ये जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे धागे एकाआड एक लावलेले असतात. जाड धाग्यांना इवल्या आकड्या असतात. त्या बारीक धाग्यांना पकडून ओढतात, सोडतात, पुढे पकडतात, पुन्हा ओढतात. रस्सीखेच खेळताना आपण दोरावर हात सरकवतो तसं. धागे लहान होत नाहीत, एकमेकांत सरकतात, आणि स्नायू आखूड होऊन फुगतो. धाग्यांचं हे सरकणं दोन गटांनी वेगवेगळं शोधलं आणि एकाच मासिकाच्या एकाच अंकात छापलं. एका गटात ह्यू हक्सली, दुसऱ्यात अँड्र्यू हक्सली, आणि दोघे एकमेकांचे कुणीच लागत नव्हते!

हे सगळं सांगेपर्यंत भाची हात दुमडत होती, उलगडत होती. दिव्याखाली जाऊन बसली. दंडावर नजर लावून खूप सावकाश दुमडला. मग एकदम झटक्यात. परत सावकाश, परत झटक्यात. दादानेही बाही वर केली.

"मावशी," ती वर न बघताच म्हणाली, "हळूहळू केलं ना, की उंदीर सरकतो. आणि झटकन केलं की बेडूक उडी मारतो."